पुस्तकावरचा अंगठा

आमच्या लोकांत शपथ हाताने घेतात, ओठांनी नाही. उजवा हात डोक्याच्या वर न्यायचा, पंजा उघडा ठेवायचा आणि देवाला साक्ष ठेवून बोलायचं. इंग्रज मात्र बायबलचा मुका घेतात. आमचे वडील म्हणायचे, "मुका बायकोचा घ्यावा, पुस्तक आहे ते वाचायला." की आई हातातलं फडकं त्यांच्या अंगावर फेकायची. याच हट्टापायी आमच्या आजोबांनी आयर्लंडमधली जमीन घालवली होती. पुढे समुद्र ओलांडून आम्ही कॅरोलिनाच्या या रानात आलो, तरी हट्ट काही बोटीतून खाली पडला नाही.

आईवडील इथल्या तापाने गेले. माझा भाऊ गॅव्हिन तेव्हा माझ्या कमरेइतकाही नव्हता, त्याला मीच वाढवला. त्याला वाचायला मी शिकवलं, पण शपथ कशी घ्यायची ते शिकवलं गिल्कीकाकांनी. ते आमच्या मंडळीचे, म्हणजे प्रार्थनाघराच्या लोकांचे, थोरले पंच. ओढ्यावर त्यांची गिरणी होती. पिठाने पांढऱ्या झालेल्या हाताने त्यांनी गॅव्हिनचा हात धरून वर नेला होता आणि म्हणाले होते, "हा हात वर असताना तोंडातून खोटं निघालं, तर हात झडला असं समज." गॅव्हिन नंतर आठवडाभर झोपताना हात पांघरुणाखाली लपवायचा. तेवढी एक गोष्ट सोडली तर जगातलं काहीही आधी हसण्यावारी न्यायचं, ही त्याची सवय. या सवयीचा मला कायम राग यायचा, आणि आता तिच्याचसाठी जीव तुटतो.

राजाशी भांडण सुरू झालं ते समुद्राकाठच्या शहरांत. कर कोणी बसवावा, चहा कोणाचा प्यावा, असल्या गोष्टी. आमच्याकडे चहा पितंय कोण? आम्ही आपले मका पेरत होतो. पण राजाच्या फौजेने चार्ल्सटन घेतलं आणि त्या उन्हाळ्यात लढाई आमच्या दारात येऊन बसली. गिल्कीकाकांचा एकुलता एक जोसेफ बंडवाल्यांच्या एका तुकडीत होता. ती तुकडी उघड्या माळावर सापडली. लढण्यात अर्थ नाही हे पाहून त्यांनी पांढरं फडकं दाखवलं, बंदुका टाकल्या, हात वर केले. राजाचे हिरव्या कोटातले घोडेस्वार तरीही घुसले. जोसेफचा वर केलेला हात आधी उडाला, मग बाकीचा जोसेफ. काकांनी त्याला गाडीतून घरी आणलं आणि पुरलं. हात काही सापडला नव्हता. त्या दिवसापासून ते माणसांशी कमी बोलायला लागले आणि देवाशी जास्त.

त्यानंतर राजाचा एक कॅप्टन आला. सगळ्या बाप्यांना चौकीवर बोलावलं. पुस्तकाचा मुका घ्या, राजाशी इमान राखू म्हणा आणि खुशाल घरी जा, तुमच्या केसाला कोणी धक्का लावणार नाही. निम्मं गाव गेलं. गॅव्हिनही गेला आणि संध्याकाळच्या आत शीळ वाजवत परत आला.

"घेतलास मुका?" मी विचारलं. मी चुलीपाशी भाकरी उलटत होते. हातात उलथनं होतं आणि ते त्याच्या टाळक्यात घालायचा माझा पुरता विचार होता.

"घेतला की."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना. स्वतःच्याच अंगठ्याचा मुका घ्यायला कोणाला लाज नाही वाटणार?"

त्याने लाकडाची फळी उचलून दाखवलं. पुस्तक हातात असं धरायचं की अंगठा वरच्या पुठ्ठ्यावर येतो. मान खाली घालायची, डोळे मिटायचे भक्ताचा आव आणून, आणि ओठ टेकायचे ते अंगठ्यावर. कॅप्टन समोर उभा होता आणि त्याला पत्ता लागला नव्हता.

"देवाला फसवलंस तू."

"देवाला कुठे? इंग्रजाला. अंगठा कोणता आणि पुस्तक कोणतं, हे देवाला कळतं, जेनी. ओठ त्यांचे, हात माझा. हात मी कोणाला दिलेला नाही."

मी हसले. हसण्यासारखंच होतं ते.

मका कणसावर आला तेव्हा दुसरा हुकूम आला. ज्यांनी शपथ घेतली त्यांनी आता राजासाठी बंदूकही उचलायची. न उचलणारा तो बंडवाला आणि त्याचं घर जाळायचं. बरेच जण त्याच दिवशी दलदलीच्या पलीकडे पळून बंडवाल्यांना मिळाले. गॅव्हिनलाही जायचं होतं. पण मी तेव्हा तापाने फणफणत पडले होते, पाणी प्यायला मान उचलवत नव्हती. मला पाठीवर टाकून दलदलीत राहणं म्हणजे मला मारणंच होतं. तो माझ्या उशाशी बसला आणि टोपीत पाइनची डहाळी खोचत म्हणाला, "कशी दिसते? शेळी खाईल का माझी टोपी?" राजावाल्यांची ती खूण होती. बंडवाले टोपीत कागदाचा पांढरा तुकडा लावायचे. एकाच ओढ्याचं पाणी पिणारी माणसं, तोंडावळेही सारखे, बोलीही तीच. डहाळी आणि कागद नसते तर कोणी कोणाला मारायचं हेच कळलं नसतं.

"संधी मिळाली की निसटतो," तो म्हणाला.

संधी मिळाली नाही. त्याच्याच तुकडीने गिल्कीकाकांची गिरणी जाळली. गॅव्हिन घोडे धरून उभा होता, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. कोणी खोटं सांगितलं नव्हतं.

पानगळीच्या दिवसांत डोंगरावर मोठी लढाई झाली. बंडवाल्यांनी राजावाल्यांना चारी बाजूंनी घेरलं आणि चेचलं. बातमी सांगायला आलेला शेजारी माझ्याकडे न बघता अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बोलत होता. त्यावरून मी समजले.

"मेला का?"

"नाही. सापडलाय. जखमी आहे. सगळ्यांना हाकत नेतायत उत्तरेकडे. जुन्या शिंप्याच्या शेतावर थांबणार आहेत. तिथे... पंचायत बसवणार म्हणतात."

"कसली पंचायत?"

"जेनेट, तू लवकर जा."

मी मक्याच्या भाकरी फडक्यात बांधल्या, ताकाचं मडकं घेतलं आणि निघाले. ताक वाटेतच हिंदकळून सांडलं. मडकं मात्र मी का कोण जाणे, शेवटपर्यंत धरून राहिले.

शिंप्याच्या शेतावर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कैद्यांना कुंपणाशी बसवलं होतं, बहुतेकांच्या पायातले जोडे काढून घेतलेले. बंडवाले त्यांच्यासमोरून फिरत टोमणे मारत होते. "काय रे डहाळीवाल्या, झाडावर परत जायचंय ना? चल, चढवतो तुला." त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखत होते. एकाच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं. त्याने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. शेताच्या टोकाला मोठा ओक होता आणि त्याच्या खालच्या फांदीला आधीच तिघे लटकत होते. मी तिकडे परत बघितलं नाही.

गॅव्हिन कुंपणाला टेकून बसला होता. त्याच्या उजव्या खांद्यात गोळी शिरून हाडाचा चुरा झाला होता. हात होता तिथेच, पण तो आता त्याचा राहिला नव्हता, नुसता बाहीत लोंबत होता.

"आलीस?" तो म्हणाला. "भाकरी आणलीस का नुसतंच मडकं?"

मी त्याला भाकरी भरवली. दोन घास त्याने खाल्ले.

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं. झाडाखाली बाकावर कर्नल बसला होता. डोंगरापलीकडचा, वयाने तरुण आणि थकून गेलेला. राजाचे घोडेस्वार मागावर आहेत अशी आवई उठली होती आणि त्याला हे उरकून निघायचं होतं. शेजारी उभे होते गिल्कीकाका. आमच्या मंडळीतला माणूस असला की त्याला शपथ द्यायची ती मंडळीच्या पंचाने, असं ठरलेलं होतं. त्या झाडाखाली सुटकेची वाट एकच होती: जाळपोळ स्वतःच्या हाताने केलेली नसेल, तर नव्या राज्याची शपथ घ्यायची, आमच्या रीतीने हात वर करून, आणि बंडवाल्यांत सामील व्हायचं. गॅव्हिनच्या आधी दोघांनी तसं केलं आणि ते सुटले. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, काका आहेत तर भ्यायचं कारण नाही.

"गिरणी जळाली तेव्हा तू होतास?" कर्नलने विचारलं.

"होतो. घोडे धरून होतो." गॅव्हिन काकांकडे बघून म्हणाला, "काका, गोठ्याचं दार कोणी उघडलं ते विचारा ना. तुमची गाय आपल्या पायांनी कडी काढून नाही आली बाहेर."

गाय घरी परत आली होती, हे गावाला माहीत होतं.

"राजाची शपथ घेतली होतीस?"

इथे माझा भाऊ हसला. इतक्या वेदनेतही त्याला हसू आलं. तो काय सांगणार ते मला कळलं. त्याचा एवढाच तर बचाव होता, आणि तो खराच होता.

"कुठली शपथ, कर्नलसाहेब? मी अंगठ्याचा मुका घेतला!" त्याने डाव्या हाताने कसं ते करून दाखवलं. "राजाला विचारा, तो माझ्या अंगठ्याचा मालक आहे का!"

बंडवाले खो खो हसले. कर्नलच्याही ओठांचा कोपरा हलला. एक जण ओरडला, "सोडा हो त्याला, आपलाच आहे!" हसले नाहीत ते एकटे गिल्कीकाका.

"ठीक आहे," कर्नल म्हणाला. "आता खरी शपथ घे. पंच, द्या त्याला."

"हात वर," काका म्हणाले.

गॅव्हिनने डावा हात वर केला.

"उजवा."

"काका, दिसतंय ना तुम्हाला?" मी पुढे झाले. "खांदा फुटलाय त्याचा!"

"डावा चालेल," कर्नल म्हणाला. "मला चालेल."

"तुम्हाला चालेल हो," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. गिरणीवर दळण मोजून देताना बोलायचे तसेच ते बोलत होते. "पण हा माणूस पहिल्या शपथेतून अंगठ्याच्या आडून निसटला, आणि वर हसून सांगतोय. उद्या राजाचे लोक त्याला धरतील. तेव्हा हा सांगेल, मी डावा हात वर केला होता, आमच्यात तो धरत नाहीत. आणि ते खरंच असेल. आमच्यात तो धरत नाहीतच."

हसणाऱ्यांतल्याच कोणाच्या तरी तोंडून "हो, तेही आहेच" असं निघालं. गॅव्हिनच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याची थट्टा त्याच्या अंगाशी आली होती आणि ते त्याला माझ्या आधी कळलं.

"जेनी," तो म्हणाला, "तू वर कर माझा हात."

मी त्याचं मनगट धरलं. हात वर न्यायला लागले तर आतून हाडं एकमेकांवर घासल्याचा आवाज आला. तो आवाज मी पुढे कोणाला सांगितला नाही, इथेही सांगत नाही. तो किंचाळला, पण थांब म्हणाला नाही. डोक्याच्या वर मी त्याचा पंजा उघडा धरला आणि तो दातओठ खात म्हणायला लागला, "सर्वसाक्षी देवासमोर मी, गॅव्हिन मॅकेल्वी..."

"वर कोणाचा हात आहे?" काकांनी विचारलं. "त्याचा नाही. जेनेटचा हात आहे तो. खाली घे, पोरी."

"काका!" मी ओरडले. "तुम्ही याला मांडीवर घेतलंय! तुम्ही शिकवलंय याला!"

"शिकवलं म्हणूनच."

मी कर्नलकडे वळले. त्याच्या पायांशी बसले, काखेतलं मडकं तिथेच फुटलं. "साहेब, तुम्ही मोठे आहात इथे. तुम्ही म्हणालात चालेल." त्याने एकदा रस्त्याकडे बघितलं, जिथून घोडेस्वार येतील अशी भीती होती, एकदा स्वतःच्या माणसांकडे बघितलं. "मंडळी तुमची, पंच तुमचे," तो म्हणाला. "मी यात पडत नाही." त्या झाडाखाली खरे हात वर केले ते त्यानेच, आणि तेही जागचे न हलवता.

"थांब, जेनी," गॅव्हिन म्हणाला. "मीच करतो."

तो पाय रोवून उभा राहिला. सगळ्यांनी बघितलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या, तोंड पांढरं पडलं, आणि तो मेलेला हात खरंच हलला. बोटं आधी हलली, मग मनगट. पोटाच्या वर आला. छातीपर्यंत आला. कोणीतरी हळूच म्हणालं, "ये रे, ये." तिथे तो थरथरत थांबला, आणि मग खाली पडला. गॅव्हिनने परत उचलायचा प्रयत्न केला. हात छातीच्या वर गेला नाही.

गिल्कीकाकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"माझ्या जोसेफचा हात पुरता वर होता," ते म्हणाले.

गॅव्हिनला फांदीखाली नेलं तेव्हा त्याने वळून मला विचारलं, "शेळीने टोपी खाल्ली असती तर बरं झालं असतं, नाही?" मी हसावं म्हणून तो बोलला. मला हसता आलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. बाकी काय झालं ते सांगण्याची गरज नाही. त्याला मी शिंप्याच्या शेतातच पुरलं, कारण घरी न्यायला गाडी कोणी दिली नाही.

लढाई त्यानंतरही बराच काळ चालली. शेवटी राजाची फौज बोटींत बसून गेली आणि आम्ही स्वतंत्र झालो. प्रार्थनाघरात त्या दिवशी मोठ्याने स्तोत्रं म्हटली गेली. मी मागच्या बाकावर बसून होते. गिल्कीकाकांशी मी तेव्हापासून बोलत नव्हते, आणि त्यांनीही कधी प्रयत्न केला नव्हता.

मग नवा कायदा आला. राजावाल्यांच्या जमिनी सरकारजमा करायच्या. आमची जमीन गॅव्हिनच्या नावावर होती. वकील म्हणाला, मरण्याआधी भावाने राज्याची शपथ घेतली होती असं सांगणारा साक्षीदार असेल तर जमीन वाचेल. साक्षीदार कुठून आणू? झाडाखाली सगळं गाव होतं, आणि प्रत्येकाने पाहिलं होतं की त्याने शपथ घेतली नाही. तरी मी तारखेला गेले. घर जाणार होतं, ते निदान डोळ्यांनी बघावं म्हणून.

कचेरी नवीकोरी होती, भिंतींना अजून ओल्या लाकडाचा वास येत होता. कारकून चार्ल्सटनचा होता, आणि त्याने सोबत पुस्तक आणलं होतं. राजा गेला, पण त्याचं मुके घ्यायचं पुस्तक इथेच राहिलं. कायद्यात आमच्या लोकांसाठी सवलत होती. कारकून प्रत्येक साक्षीदाराला विचारायचा, "हात की पुस्तक?" आणि आमचा प्रत्येक माणूस ताठ मानेने म्हणायचा, "हात."

माझं नाव पुकारलं. "साक्षीदार?" कारकुनाने विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोच मागून काठीचा आवाज आला. गिल्कीकाका पुढे येत होते. फार म्हातारे दिसत होते.

"हात की पुस्तक?"

"पुस्तक," काका म्हणाले.

कचेरीतले सगळे आमचे लोक वळून बघायला लागले. मंडळीचे थोरले पंच! एक जण म्हणाला, "म्हाताऱ्याला ऐकायला कमी येतं." पण काकांनी हात पुढे करून पुस्तक घेतलं, उजव्या हातात धरलं, डोळे मिटले आणि मान खाली घातली. मी त्यांच्या उजव्या बाजूला, अगदी लगत उभी होते. पुठ्ठ्यावर त्यांचा अंगठा होता. ओठ टेकले ते अंगठ्यावर.

"गॅव्हिन मॅकेल्वी याने मरण्याआधी राज्याची शपथ घेतली," ते म्हणाले. "उजवा हात पुरता वर करून. मीच ती दिली होती. मी पाहिलं."

कोणी हरकत घेतली नाही. त्या दिवशी झाडाखाली असलेले तिथे कितीतरी होते, आणि ते सगळे आपापल्या जोड्यांकडे बघत होते. कारकुनाने शिक्का मारला. जमीन माझी झाली.

बाहेर ते खेचराचा लगाम सोडत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका, अंगठा होता."

"हो."

"हात का नाही वर केलात?"

"हात वर करून खोटं नाही बोलता येत मला, पोरी."

"हेच," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका चढला की खेचर बिचकलं, "हेच माझा भाऊ सांगत होता तुम्हाला! अंगठ्याची शपथ ती शपथ नाही, हात अजून माझाच आहे, हेच तो सांगत होता! तेव्हा का नाही कळलं तुम्हाला?"

"तेव्हाही कळलं होतं," काका म्हणाले.

मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही. त्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवायला पुढे केला. मी मागे सरले. तो हात थोडा वेळ तसाच राहिला, छातीइतक्या उंचीवर, आणि मग खाली पडला.